थरथरत्या लेसरची पाथ

मी लेसर बोलतोय. सावेडीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काडेपेटीएवढ्या डबीत माझा मुक्काम आहे. काचेच्या तारेतून दूरवरचा प्रकाश येतो, त्यात निरोप दडलेला असतो. माझा प्रकाश त्याच्यात मिसळला की तो वाचता येतो.

पण माझ्या लहरींची चाल थरथरते. कधी किंचित पुढे, कधी मागे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, त्यातली गत. निरोपाचे ठिपके पडद्यावर चार जागी गोळा व्हायला हवेत, कुठला ठिपका कुठल्या जागी पडला यावरूनच निरोप वाचायचा; माझ्यामुळे त्यांचं गोल कडं व्हायचं.

शाहबाज आणि राजेश्वरी हे दोघे विद्यार्थी माझ्यामागे लागले. खाली स्पंज ठेवला, पंखा बंद करून घामाघूम झाले. मला हसू यायचं. थरथरणाऱ्याला गप्प बसवलं की भागलं, असं माणसांना का वाटतं कोण जाणे.

शेवटी त्यांच्या मार्गदर्शक दिशा मॅडम म्हणाल्या, "सोमवारी भंडारदरा धरणाचा फोटो तारेतून नीट पाठवून दाखवा. नाहीतर हा लेसर भंगारात, आणि तुम्ही विषय बदला." माझी पाचावर धारण बसली.

मग राजेश्वरीने प्रोग्राम लिहिला. मी जेवढा सरकेन, तेवढे ठिपके तो उलटे फिरवायचा. चार ठिपके लख्ख दिसू लागले. फोटोत मात्र वर धरणाची भिंत बरोबर आणि खाली पाण्याच्या जागी नुसता गिचमिडा.

"ठिपके तर मस्त आहेत, मग हे काय?" शाहबाज म्हणाला.

पाथर्डीकडची राजेश्वरी पडद्याजवळ सरकली. "चारी ठिपके सारखेच दिसत्यात. मधीच लेसर जोरात हलला, अन् प्रोग्राम शेजारच्या ठिपक्यावर गेला. त्याला कळलंच न्हाई, तिथनं खाली सगळं चुकीचं वाचलं. आमच्याकडं खुरपायला बाया ओळी वाटून घेत्यात, पाथ म्हनतो आमी. एक बाई शेजारच्या ओळीत शिरली, की पुढं सगळ्यांची पाथ चुकती. म्हनून बाजरीत मधी मधी तुरीची ओळ आसती, ती बघून आपली जागा ताडायची."

तिने निरोपातही मधूनमधून ओळखीच्या खुणा पेरल्या. खूण आली की प्रोग्राम आपली जागा तपासायचा, चुकली असेल तर परत यायचा.

सोमवारी फोटोतलं पाणी शेवटच्या रेघेपर्यंत निळंशार उतरलं.

"लेसर बदललात?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम, तोच आहे. अजून थरथरतोच," राजेश्वरी म्हणाली. मला भरून आलं.

आता मी जुना होत चाललोय, थरथर वाढतेय. भंगाराचा डबा कधीतरी येणारच. तोवर एवढंच मागणं आहे: कुणी डगमगताना दिसलं, तर लगेच टाकून देऊ नका. आधी त्याच्या वाटेत एखादी तुरीची ओळ लावून बघा.