काही दुखत नसताना

प्रेमलाची आई आणि मावशी दोघी स्तनाच्या कॅन्सरने ऐन चाळिशीत गेल्या. वारज्यातल्या माहेरच्या भावकीने कारणं केव्हाच शोधली होती. आईला दृष्ट लागली आणि मावशी फार चिडायची. चाळिशी आल्यावर प्रेमलाने डॉक्टर सुहासिनीबाईंकडे रक्त तपासून घेतलं, तर तिसरंच कारण निघालं. आईकडून आलेल्या एका जनुकातच दोष होता.

"म्हंजे कॅन्सर हाय?" नवऱ्याने, मच्छिंद्रने विचारलं.

"नाही. पण व्हायची शक्यता फार आहे."

"मग झाल्यावर बघू की."

वास्तुदोष टळावा म्हणून मच्छिंद्रने बंगल्याचा नवाकोरा जिना पाडून दुसरीकडे बांधला होता. पण आजार टळावा म्हणून बायकोने दवाखाना गाठावा, हे त्याला अतीच वाटलं. सासूबाईंनीही निकाल दिला, "दुखत न्हाय, खुपत न्हाय. कशाला डाक्टरचं घर भरायचं?"

प्रेमलाने हे सगळं डॉक्टरांना सांगितलं.

"दुखल्यावर येणाऱ्यांचीच माझ्याकडे इतकी गर्दी आहे, की बसायला जागा नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही एमआरआय करून घ्या."

भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला जाते, असं सांगून ती गेली. त्या कारणावर घरात कुणी शंका घेतली नाही.

एमआरआयमध्ये वाटाण्याएवढी गाठ दिसली. तुकडा तपासला, तर फार झपाट्याने पसरणारा प्रकार निघाला. प्रेमला बाहेरच्या बाकावर येऊन बसली. भीती होतीच, पण आईला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही याचा रागच जास्त आला.

त्या संध्याकाळी तिने रिपोर्ट समोर ठेवला, तेव्हा मच्छिंद्र पहिल्यांदाच कुणाचा सल्ला न विचारता म्हणाला, "कधी ॲडमिट व्हायचं?"

दोन्ही स्तन काढले. काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या, आजार पसरला नव्हता. केमोत केस गेले. भेटायला येणाऱ्या बायका "येतील हो केस" म्हणत आणि पदराकडे बघत.

बरी झाल्यावर प्रेमलाने भावाला, संपतला फोन केला. "तूही रक्त तपासून घे."

"आक्का, मी पुरुष हाय!"

"आणि तुझ्या दोन पोरी?"

संपत आला. बायकांच्या रांगेत अंग चोरून बसला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट कुठे आहेत?"

"मीच."

"बरं. मग हात पुढे करा. लाजायचं घरी जाऊन."

संपतच्या रक्तात दोष निघाला नाही, म्हणजे पोरीही सुटल्या. त्याने भावकीत पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, आमचं रक्तच चांगलं. प्रेमलाने दोन पोरींच्या नावाने दोन पेढे खाल्ले.