बातमीची जकात

महाल, मशिदी कुणीही दाखवतो. मी शहर बघायला आलेल्या पाहुण्यांना आमची पोळ, म्हणजे आमची जुनी अरुंद गल्ली, दाखवते. उलटी कोरलेली खिडकी, कुण्या शेठाणीनं मांजरासाठी करून घेतलेला चिमुकला दरवाजा, आणि शेवटी म्हाताऱ्या समजुबांचं घर. त्या घरातून रस्ता जातो. हो, घरातून! पुढच्या दारानं शिरायचं, बांच्या झोपाळ्यापुढून मागच्या दारानं बाहेर पडायचं, की समोर भाजीबाजार. अख्खी पोळ वर्षानुवर्षं अशीच जाते. जकात एकच, बांना एक ताजी बातमी द्यायची. गुडघ्यांपायी बांना उंबरा ओलांडता येत नाही, पण कुणाची सोयरीक मोडली ते त्यांना माझ्याआधी कळतं.

म्हणजे कळायचं. परवा त्यांच्या मुलानं, भद्रेशनं, घरात पांढऱ्याशुभ्र लाद्या बसवल्या आणि मागच्या दाराला आतून जाडजूड कडी घातली.

मी त्याला घरापुढच्या ओट्यावरच गाठलं. "अरे, बांचं काय?"

"रमीलाबेन, दिवसभर लोकांचे चिखलाचे पाय! फाल्गुनी पुसून पुसून थकते. बांना नवा टीव्ही आणलाय ना."

"टीव्ही विचारतो का रे, बा, गुडघा कसा आहे म्हणून?"

पण कडी काही त्यानं काढली नाही. तेव्हापासून बांचा झोपाळाही थांबला. नुसत्या बसून असायच्या. माझा जीव तुटायचा, पण घर त्यांचं, दार त्यांचं. मी कोण बोलणारी?

आज इंदूरहून एक जोडपं आलं. काकांचं सारखं एकच पालुपद, "शेव मात्र आमच्याकडचीच!"

"असू दे हो, खिडक्या तरी आमच्याकडच्या बघा," मी म्हटलं.

रस्ता बंद असला तरी बांना भेटवल्याशिवाय मला राहवेना. चपला बाहेर काढून आत गेलो. काकूंना मी जकातीचं सांगून ठेवलं होतं. त्या बांजवळ टेकल्या आणि म्हणाल्या, "आमच्या शेजारच्या सासू-सुना भांडल्या, आणि दोघी एकाच दिवशी रुसून माहेरी गेल्या!"

"अगं बाई! मग रांधतं कोण?"

"सासरेबुवा. रोज खिचडी."

बा पदर तोंडाला लावून हसल्या. दोन दिवसांनी हसल्या!

इतक्यात मागच्या दारावर धाडधाड थापा पडल्या. "फाल्गुनी! दार उघड!"

भद्रेश! बाजारातून भाजी घेतली आणि जन्माच्या सवयीनं मागच्या गल्लीतून घरी आला. स्वतः घातलेली कडी स्वतःच विसरला. बांची सून फाल्गुनी स्वयंपाकघरातून पोळीचं पीठ माखलेल्या हातांनी धावत आली. कडीला हात घालणार तोच बा म्हणाल्या, "थांब." मग दाराकडे तोंड करून, "कोण?"

"बा, मी! भद्रेश!"

"ते कळलं. बातमी?"

"बा, ऊन लागतंय. हातात दुधी आहे, कोथिंबीर आहे..."

"दुधी म्हणजे बातमी नव्हे."

काका खो खो हसायला लागले. काकूंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

"बरं बाई, ऐक. कडी आजच काढतो."

फाल्गुनीनं एकदा लाद्यांकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि ओरडली, "काढा, पण दाराशी मोठं पायपुसणं आणून टाका म्हणजे झालं!"

"कडीची बातमी शिळी," बा म्हणाल्या. "तू पहिली थाप मारलीस तेव्हाच मला कळली. ताजी सांग."

बाहेर पावलं वाजली. मला वाटलं, चिडून गेला पुढच्या दाराकडे. मग दाराला अगदी चिकटून, हळू आवाजात तो म्हणाला, "बा, दोन दिवस तुझा झोपाळा कुरकुरत नाहीये. मला झोप येत नाही गं."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. बांनी पायाचा अंगठा नव्या लादीला टेकवला आणि झोपाळा कुरकुरला.

"उघड गं त्याला," त्या फाल्गुनीला म्हणाल्या. "आणि दुधी कोवळा आणलाय का बघ."