मिशीआडचं बोलणं

"बाबा, इकडे बसा. सावली आहे," मुलगा म्हणाला.

म्हातारा उठला आणि सरळ उन्हात जाऊन उभा राहिला.

मुलाने कपाळाला हात लावला. हे रोजचंच झालं होतं. पाणी मागावं तर बाबा चप्पल आणून पुढ्यात ठेवत; जेवलात का विचारावं तर म्हणत, "मंगळवारी." कानांनी कमी ऐकू येतं हे ठाऊकच होतं, पण मशीन लावूनही काही फरक पडेना, तेव्हा डोक्यातच बिघाड आहे असं घरात ठरून गेलं. आई होती तोवर सगळं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. ती गेली आणि झाकली मूठ उघडी पडली. परवा बाबांना विसराळू म्हाताऱ्यांच्या आश्रमात पोचवायचं होतं. बॅग दाराशी तयार होती. त्याआधी एकदा त्यांची जुनी कापडगिरणी दाखवून आणू, म्हणून आजची ही फेरी. मुलाच्या मनालाही तेवढीच फुंकर.

गिरणी म्हणजे आता बाग. विणकाम खात्याचं छप्पर गेलं होतं. लोखंडी खांब तेवढे ठेवून त्यांवर वेली चढवल्या होत्या. बॉयलर होता तिथे तळं आणि तळ्यात बदकं. म्हातारा दोन खांबांच्या मधोमध उभा होता, जिथे पूर्वी त्याचा माग होता तिथे.

मुलगा कचेरीत कारकून. सरळ, पापभीरू माणूस. मिरवावी अशी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती, ती म्हणजे मिशी. भरघोस, वरचा ओठ पार झाकून खालच्यावर उतरलेली. 'मिशीवाले साहेब' म्हणत त्याला, आणि साहेब न झालेल्या माणसाला ते फार गोड वाटे.

एवढ्यात तळ्यापलीकडच्या बाकावरून एका म्हातारीने दोन्ही हात उंचावले. तिचं तोंड भराभर हलू लागलं, पण आवाज म्हणून नाही. आणि बाबा! बाबांची पाठ ताठ झाली. तेही तसेच ओठ हलवू लागले, मधेच छातीवर हात ठेवला, नाकाखाली बोट फिरवलं आणि खदखदून हसले. 'झालं, आता हवेशीही बोलायला लागले,' मुलाच्या मनात आलं.

म्हातारी तळ्याला वळसा घालून आली. आवाज असा खणखणीत की बदकं दचकली. "तू याचा धाकटा ना? मी शेजारच्या मागावर होते."

"मावशी, आत्ता हे काय चाललं होतं?"

"गप्पा! अरे, माग धडधडायला लागले की तिथे कानांचं काय काम? आम्ही ओठ वाचायचो. या टोकाची त्या टोकाशी भांडणंसुद्धा व्हायची, आवाज न करता."

"काय म्हणाले बाबा?"

मावशी जरा घुटमळली. "तुझी आई गेल्यापासून घरात काही कळत नाही म्हणतो. सुनेची मान सतत फोनमध्ये. मग आपला अंदाजाने उत्तरं ठोकतो."

"पण मी तर समोर बसून बोलतो!"

"तू लहान होतास तेव्हा तुझं सगळं कळायचं त्याला. आता ही मिशी आडवी येते रे बाळा. ओठ दिसणार कुठून?"

"मग सांगायचं नाही का मला?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणतो, पोराला हौस आहे. त्याच्याकडे मिरवायला दुसरं काय आहे? राहू दे."

मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा शांतपणे बदकं बघत होते. घरी येताना वाटेत काही बोलावंसं वाटलं की त्याचा हात मिशीकडे जाई. बोलून तरी काय उपयोग होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाराशी ठेवलेली बॅग माळ्यावर टाकली. मग आरशासमोर उभा राहिला आणि वस्तरा घेतला. पाच मिनिटांत काम झालं. वरच्या ओठाला कितीतरी वर्षांनी वारा लागला.

बाबा खिडकीशी बसले होते. तो उजेडात येऊन समोर बसला. "बाबा, चहा टाकू?"

बाबा त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिले. तो वरचा ओठ, मधे किंचित उचललेला, अगदी त्याच्या आईचा होता.

"कळलं नाही का, बाबा?"

"कळलं रे," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी नजर मुलाच्या ओठांवरून हलू दिली नाही. "परत बोल."