सुस्थितीत

एका ओळीत पंधरा सूक्ष्मदर्शक, प्रत्येकावर पांढरी खोळ. बाईंच्या पोटात दुखलं.

बाई सरकारी शाळेत विज्ञान शिकवायच्या. यंदा अनुदान घेणाऱ्या खासगी शाळांच्या तपासणीवर त्यांची नेमणूक झाली होती. त्यांच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, त्याचंही चाक सुतळीने बांधलेलं, आणि पुढे साठ मुलांची रांग. इथली मुख्याध्यापिका कॉलेजात त्यांच्याच बाकावर बसायची. सगळे तिला चिमणी म्हणत. तेव्हा प्रयोग बाई करायच्या नि चिमणी आकडे उतरवून घ्यायची.

"सगळे सरकारी अनुदानातले," चिमणी म्हणाली. "बघ एखादा ओरखडा सापडतोय का."

बाईंना तोच हवा होता. सकाळपासून त्यांनी नळ सोडून पाहिले, कपाटं उघडून पाहिली. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. फॉर्ममधला शेवटचा प्रश्न उरला होता: साहित्य सुस्थितीत आहे का?

खोळ काढून त्यांनी डोळा लावला. भिंग लख्ख. दुसऱ्याचं, तिसऱ्याचंही. त्यांच्या शाळेतलं भिंग रोज पुसावं लागे, मुलांच्या पापण्यांचा तेलकट डाग सुटता सुटत नसे. इथे पंधरापैकी एकावरही पापणी टेकली नव्हती. चाकं तर कारखान्यातून आली तशीच घट्ट.

"मुलं हात लावतात का गं यांना?"

"वेडी आहेस? एखादं फुटलं तर तूच लिहिशील, सुस्थितीत नाही. मुलांना आम्ही तक्त्यावर दाखवतो."

बाईंना आधी आनंद झाला, मग त्या आनंदाची लाज वाटली. तरी त्यांनी पेन उघडलं.

चिमणीचा आवाज उतरला. "शेरा मारलास तर पुढचं अनुदान अडकेल. खरं सांग, पोटात दुखतंय म्हणून लिहितेयस ना?"

"दुखतंय," बाई म्हणाल्या. "पहिली खोळ बघितल्यापासून दुखतंय. पण चाकं घट्टच आहेत, चिमणे."

'सुस्थितीत' पुढे त्यांनी 'होय' लिहिलं. त्याखाली: 'वापरात नाहीत. महिन्याने पुन्हा तपासणी. भिंगांवर डाग दिसावेत.'

चिमणीने दोनदा वाचलं. "डाग दिसावेत? हे कुठल्या नियमात बसतं?"

"बसवू."

दारातून बाईंनी वळून पाहिलं. चिमणी खोळी पुन्हा चढवायला निघाली होती. मग थांबली आणि हातातली खोळ घडी करून टेबलावर ठेवली.

पंधरा. बाईंच्या पोटातलं दुखणं काही गेलं नव्हतं.