हेलिपॅडवरचं रक्त

"पाय धुवा, भंडारा घ्या आन् बिनघोर उभं ऱ्हावा!" उड्डाणनाथ महाराज माइकवरून गरजत होते आणि अख्खी धनगरवाडी हेलिपॅडभोवती गोळा झाली होती.

होय, हेलिपॅड. शिरूर तालुक्याच्या उत्तरेला आमच्या या माळावर एसटीसुद्धा यायला कंटाळते. तिथं पुण्याच्या एका शेठनं रिसॉर्टच्या नादात सिमेंटचा गोल चौथरा बांधला आणि मधोमध मोठा पांढरा एच रंगवून घेतला. हेलिकॉप्टर एकदाच उतरलं. शेठला माळ पसंत पडला नाही. तो उडून गेला आणि चौथऱ्यावर मेंढरं बसू लागली. मी इथली गुरांची डॉक्टर. मला हा वापर पटला होता.

यंदा पाऊस झाला, कोवळं गवत आलं आणि मेंढरं पटापट मरू लागली. महाराजांचं निदान तयारच होतं. "देव वरनं उतरतो! ही जागा त्यानंच शेठच्या हातनं बांधून घेतली. ज्यानं मेंढरं खाल्ली, त्याच्या पायाखाली भंडाऱ्याचं रगात हुईल!" इतकी वर्षं देवाला सिमेंटवाचून उतरता येत होतं, हे कुणालाच आठवलं नाही.

एकेक माणूस चौथऱ्यावर येई. ओल्या पायांवर बिरोबाच्या भंडाऱ्याची मूठ पडे आणि पाय पिवळेच राहत. मग महाराजांनी सरूबाईला बोलावलं. "तू मधी. देवाच्या खुणेवर."

सरूबाई विधवा. तिचा गुन्हा एवढाच, की तिची मेंढरं जिवंत होती. वाडीत चहा पिता पिता सगळे हेच कुजबुजत होते, त्यामुळे महाराजांना अंतर्ज्ञान व्हायला वेळ लागला नाही. ती एचवर उभी राहिली. मूठ पडली आणि पायांखाली लालभडक झालं.

"चेटकीण!" गर्दी ओरडली.

सगळ्यात जास्त मेंढरं गेली होती ती गेणबांची. ते म्हणाले, "आजच्या आज वाडी सोड, सरू."

"लेकरागत वाढिवल्याली मेंढरं घिऊन कुठं जाऊ, आबा?" तिनं विचारलं. माझं डोकं भणाणलं.

"आबा, तुमची मेंढरं तुम्ही तर नाही ना मारली?" मी गेणबांना विचारलं.

"काय बोलताय, डॉक्टरीणबाई!"

"मग तिच्या जागी उभे राहा."

महाराज गडबडले. "जागा उष्टी झाली! देव गेला आता तिथनं!"

"आत्ता तर व्हता की," गेणबा म्हणाले. "आन् मी बिरोबाला कशापायी भिऊ?" त्यांनी पाय धुतले, एचवर उभे राहिले आणि डोळे मिटून स्वतःच्या हातानं भंडारा टाकला. डोळे उघडले, तर पाय लाल!

"म्हंजी... म्याच माझी मेंढरं खाल्ली व्हय?" ते स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाले.

"नाही, आबा. भंडारा म्हणजे हळद. शेठचा रंग केव्हाच उडाला. महाराजांच्या चेल्यांनी काल 'सेवा' म्हणून या एचला चुना मारला, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ओल्या पायांनी चुना भिजला की त्यावर हळद लाल होते. बाकीचे नुसत्या सिमेंटवर उभे होते." मी रिकाम्या पांढऱ्या पट्ट्यावर भंडारा टाकून वर तांब्या ओतला. तिथं कुणीच उभं नव्हतं, तरी पट्टा लाल झाला.

"मेंढरं आंत्रविषारानं मेली; कोवळं गवत जास्त खाल्लं की आतड्यात विष तयार होतं. पावसाआधी मी लस घेऊन दारोदार फिरले. 'सुईनं मेंढी गाभ टाकती' म्हणून तुम्ही मला हाकललंत. एकट्या सरूबाईनं तेवढी आपल्या मेंढरांना टोचून घेतली."

मागं जीपचा आवाज आला; महाराज पळ काढत होते, म्हणून मी पोलिसांना फोन लावला. महाराजांना नावाप्रमाणे उडता येत नसल्यानं पोलिसांनी त्यांना फाट्यावरच धरलं. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तो अशाच वेळी कामाला येतो.

सरूबाई पाय धुऊन मेंढरांकडे गेली. तिच्या डोळ्याला डोळा भिडवायची कुणाची हिंमत झाली नाही.

बाबांनो, भंडारा देवाला खुशाल वाहा, पण त्यावर माणसाचा निवाडा करू नका. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो पुन्हा करून बघा. आणि एखादीला गावाबाहेर काढायची वेळ आलीच, तर आधी तिच्या जागी स्वतः उभे राहा.