बाबांसाठी एक ट्रान्झिस्टर

नणंद आणि भावजय यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य सगळ्या गल्लीला पाठ होतं. बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यांचा आवाज कुजबुजीपुरता उरला आणि या सख्याला नवीन धार आली. बाबा काय म्हणाले हे त्यांच्या ओठांशी कान नेऊन सांगायचं काम सुनेकडे गेलं. नणंदेला, म्हणजे ताईला, ती कुजबुज ऐकूच येत नसे. लाउडस्पीकर दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला, त्यात कान अधू झाले होते, पण हे कबूल करील ती ताई कसली!

तिला बाबांना आपल्या घरी न्यायचं होतं. दर खेपेला ती विचारायची, बाबा सुनेकडे बघून ओठ हलवायचे आणि सून सांगायची, "बाबा म्हणतात, थोडं बरं वाटलं की येतो."

"तू तुझ्या पदरचं घालून सांगतेस," ताई म्हणायची. "सासऱ्याची सेवा करते म्हणून वाहवा होते ना, ती सोडवत नाही तुला."

"मग तुम्हीच ऐका की, ताई. कान आहेत ना तुम्हाला?"

हे वाक्य वर्मी लागलं. दुसऱ्याच दिवशी ताई अवजारांची पेटी घेऊन हजर झाली. तिने बाबांच्या उशाशी एक छोटा स्पीकर ठेवला. स्पीकर उलटा जोडला तर माइकचं काम करतो. त्याच्यापुढे बोललं की तारेतून बारीकसा सिग्नल निघतो. ती तार तिने बाहेरच्या खोलीत नेली, जुन्या टेपच्या अँप्लिफायरला लावली आणि बटण फिरवलं. नुसती घरघर.

"वा! बाबांचा आवाज अगदी सुधारला हो," भावजय दारातून म्हणाली आणि आत निघून गेली.

ताईने दात आवळले. चूक तिचीच होती. इतका दुबळा सिग्नल थेट मोठ्या अँप्लिफायरला दिला, तर घरघरच मोठी होणार. मध्ये सिग्नल आधी थोडा वाढवणारा एक ट्रान्झिस्टर हवा; आणि सिग्नल नेहमीसारखा त्याच्या बेस नावाच्या पायाला न देता एमिटर नावाच्या पायाला द्यायचा, म्हणजे स्पीकरसारख्या माइकशी त्याचं जमतं. एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन-तीन कपॅसिटर. तिने तिथेच जमिनीवर बसून सोल्डरिंगचे डाग दिले. आता बघते म्हणावं, कोण काय पदरचं घालतं ते.

पुन्हा टोमणा नको म्हणून तिने या वेळी हेडफोन कानाला लावून बटण फिरवलं आणि बाबा बोलले. खरखरीत, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

"गेली का ती?"

"नाही हो. बसल्यात बाहेर डबडं घेऊन," भावजयीचा आवाज आला. "बाबा, एकदा खरं काय ते सांगून टाका ना. मी किती दिवस शिव्या खाऊ?"

"मला नाही जायचं तिच्याकडे. पोर वाईट नाही गं. पण माणसालासुद्धा रेडिओसारखी उघडून बसते. तिथे मला धड आजारीही पडता येणार नाही."

"मग तसं सांगू?"

"नको. नेहमीचंच सांग."

ताईने बटण बंद केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भावजय खरोखरच पदरचं घालत होती, आणि ते सगळं गोड खोटं ताईच्याच पदरात पडत होतं.

भावजय पदराला हात पुसत बाहेर आली. "आला का आवाज?"

"नाही. घरघरच आहे."

"मी म्हटलंच होतं. आणि ताई, आताच विचारलं मी. बाबा म्हणतात, थोडं बरं वाटलं की येतो."

आजवर या बाईचा राग ताईला हजारदा आला होता, पण इतका कधीच आला नव्हता. पेटीतून कटर काढून तिने बाबांच्या उशाकडून एमिटरला आलेली तार तोडून टाकली.