पेर्लाचं पहिलं वेत

"हलका वळू लाव पेर्लाला. पहिलटकरीण आहे ती," इर्मा म्हणाली. "कंबर बघ केवढीशी. पुढच्या वेताला कर काय हौस करायची ती."

कृत्रिम रेतन करणारा माणूस वीर्याची कांडी काढायचा चिमटा हातात घेऊन ताटकळत उभा होता. फियोरेन्झोने बायकोकडे न बघताच सगळ्यात जड मांड्यांच्या वळूचं नाव घेतलं.

"तो आम्ही जुन्या गाईंना देतो," तो माणूस म्हणाला. "वासरं थोराड होतात त्याची."

"थोराडच हवंय मला. रेमिजिओच्या गाई सोन्याच्या, आणि आमच्या काय शेणाच्या?"

रेमिजिओचं नाव निघालं की नवऱ्याची अक्कल गहाण पडते, हे इर्माला लग्नापासून ठाऊक होतं.

रेमिजिओचा गोठा रस्त्यापलीकडे होता. दर डिसेंबरात तो कारू गावच्या गुरांच्या जत्रेहून बक्षिसाची भरजरी झूल पाठीवर घातलेला बैल घेऊन यायचा आणि फियोरेन्झोच्या फाटकापुढून सावकाश चालवत न्यायचा. नेमकं त्याच वेळी फियोरेन्झोला मागच्या अंगणातल्या कोंबड्यांची आठवण व्हायची. बरं, माणूस वाईट असता तर गोष्ट वेगळी. रेमिजिओ आधी हाक मारायचा, सणाला उकडलेल्या मांसाचा चांगलासा तुकडा धाडायचा. अशा माणसाचा हेवा करायचा म्हणजे मोठ्या कष्टाचं काम, कारण शिव्या द्यायलाही काही सापडत नाही. फियोरेन्झोने मात्र ते काम कधी अर्धवट सोडलं नाही.

एरवी तो गाईंची पैदास करणारा जाणता माणूस होता. मांसाच्या गाई असल्या तरी त्या विणार सुखाने आणि दूध देणार वासराला पुरेसं, असा कळप त्याने ठरवून बांधत आणला होता. गोऱ्हे विकायचे, निवडक कालवडी ठेवायच्या, कुठल्या गाईला कुठला वळू हे माज येण्याच्या कितीतरी आधी मनात पक्कं करायचं. पेर्ला ही त्या सगळ्याची कमाई होती. तिची आजी आणि आई कुणाचा हात न लागता व्यायल्या होत्या. पुढचा सगळा गोठा तिच्याच लेकींचा व्हायचा होता.

मार्चातल्या एका सकाळी पेर्ला वेणा देऊ लागली. वासराचे पाय दिसले. फियोरेन्झोच्या मनगटाएवढे जाड पाय होते ते.

"गुरांची डॉक्टरीणबाई समोरच आलीय, रेमिजिओकडे. गाडी बघ उभी आहे. हाक मारते मी," इर्मा म्हणाली.

"नको."

"नको म्हणजे?"

"ती आली की तोही येणार मागोमाग. खिशात हात घालून मजा बघत उभा राहील."

"बघू दे की! तुझी गाय अडलीय, मेल्या!"

"अडलीबिडली नाही. दोर आण."

दोघांनी जीव खाऊन ओढलं. डोकं आलं, खांदे आले, आणि मग मांड्यांशी येऊन वासरू जे रुतलं ते हलेना. पेर्लाचा आवाज बसला होता. इर्माने दोर टाकला आणि ती रस्ता ओलांडून धावत सुटली.

डॉक्टरीणबाई आली, पाठोपाठ रेमिजिओही आला. त्याचे हात खिशात नव्हते. सदरा काढून तो गुडघ्यांवर बसला आणि बाई सांगतील तसा दोर धरू लागला. वासरू जिवंत निघालं. पेर्लाने उठायचा प्रयत्न केला, पण मागचे पाय दोन दिशांना फाकले आणि ती पुन्हा पडली.

बाईंनी तिच्या कमरेवरून हात फिरवला. "हाड मोडलंय. आता नाही उठायची ही. आधी बोलावलं असतंत तर पोट उघडून काढलं असतं वासरू. समोरच तर होते मी."

"गाडी दिसली नाही," फियोरेन्झो म्हणाला.

इर्माने खाली पडलेला दोर उचलून गुंडाळायला घेतला.

"खाटकाला बोलवा. उगाच हाल नकोत तिचे," बाई म्हणाल्या.

आडव्या पडलेल्या पेर्लाच्या सडांतून चीक जेमतेम ओंजळभर निघाला. तेव्हा रेमिजिओ म्हणाला, "माझी गाय कालच व्यायलीय. चल, उचल त्याला."

नाही म्हणायची सोय नव्हती. ओलं वासरू छातीशी धरून फियोरेन्झो कित्येक वर्षं टाळलेल्या त्या गोठ्यात शिरला. रेमिजिओने गाईपुढे मूठभर भरडा धरला आणि वासरू तिच्या कासेला लागलं. त्याची इवली शेपटी हलू लागली.

रेमिजिओ वासराच्या मागे वाकला. त्याच्या मांडीवर तळवा ठेवला आणि ती चाचपून बघू लागला. त्याने ओठ घट्ट आवळले होते. फियोरेन्झोला ते तोंड अनोळखी नव्हतं. डिसेंबरात तो झुलीतला बैल आला की हेव्याने त्याचं स्वतःचं तोंड असंच व्हायचं. रेमिजिओचा चेहरा असा झालेला एकदा तरी बघायला मिळावा म्हणून तो किती वर्षं झुरला होता. आता तो चेहरा समोर होता, आणि त्याची काही म्हणजे काही गोडी वाटत नव्हती.

"वळू कुठला रे?" रेमिजिओने हळूच विचारलं. "माझ्या दोन कालवडी येताहेत माजावर."

नाव फियोरेन्झोच्या जिभेवर आलं. सांगून टाकावं असं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. उद्या याच्याही दारात खाटकाची गाडी उभी राहिली तर राहू दे.

"तुझ्या कालवडी जगायला हव्यात ना?" तो म्हणाला. "मग विचारू नकोस."

घरी परतला तेव्हा खाटीक येऊन थांबला होता. पेर्ला मान वळवून वळवून मागे बघत होती, गवत हुंगत होती. फियोरेन्झोने बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या बाहीला वासराचा ओलावा अजून तसाच होता. तिने बाही हुंगली, आणि चाटायला लागली.

"करू का?" खाटकाने विचारलं.

"थांब जरा," तो म्हणाला. "चाटू दे तिला."